गुंडीचं दार आणि लाल मशीन

उंच उंच डोंगर. पांढरा पांढरा बर्फ. बर्फात एक इवलंसं भोक. ते कुणाचं दार? गुंडी उंदरीचं!

गुंडी केवढी? अक्रोडाएवढी.
तिची पोर दाणी केवढी? शेंगदाण्याएवढी.

एकदा सकाळी सकाळी आवाज आला. घर्रर! घर्रर!

"आई गं, हे काय?" दाणी म्हणाली.

"तू आत बस. मी बघून येते."

गुंडी बाहेर आली. तुरुतुरु, तुरुतुरु. दगडावर चढली. बघते तर काय! लाल लाल मशीन! नवं कोरं! घराएवढं मोठं!

पुढे फावडं. खाली काळे पट्टे. मागे भलीमोठी फणी. फावडं बर्फ ढकलायचं. पट्टे बर्फ दाबायचे. फणी बर्फ विंचरायची. मशीन पुढे गेलं, की मागे रेघाच रेघा. जसा काही डोंगराचा भांगच पाडला!

गुंडी बघतच राहिली. मान इकडे, मान तिकडे. मशीन खाली खाली गेलं. थांबलं. मग गुंडी घरी निघाली.

पण दार कुठंय?

इथे रेघा. तिथे रेघा. दार नाहीच!

गुंडीनं बर्फाला कान लावला. आतून बारीक आवाज आला, "चीं! आई, दार उघड ना!"

गुंडीनं नखांनी उकरलं. खर्र खर्र, खर्र खर्र. बर्फ दगडासारखा घट्ट!

"थांब हं दाणी. ज्यानं दार बुजवलं, त्यालाच सांगते."

गुंडी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मशीनपाशी आली.

"मशीनदादा, मशीनदादा, फावडं उचल ना!
बर्फ दार सोडेना.
दाणी आत अन् मी बाहेर!"

मशीन म्हणालं, "मी नाही जा! मी आपलं आपण हलत नाही. नोरबूकाका दांडा ओढतील, तर मी फावडं उचलीन."

गुंडी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. नोरबूकाका मशीनच्या पायरीवरच बसले होते. मांडीवर जाडजूड पुस्तक.

"हे काय?" गुंडीनं विचारलं.

"नव्या मशीनचं पुस्तक," नोरबूकाका म्हणाले. "हे बटण दाबलं, की दिवा लागतो. ते दाबलं, की काच पुसली जाते. आणि हा दांडा ओढला, की फावडं वर!"

"नोरबूकाका, नोरबूकाका, तोच दांडा ओढा ना!
मशीन फावडं उचलेना.
बर्फ दार सोडेना.
दाणी आत अन् मी बाहेर!"

नोरबूकाका म्हणाले, "मी नाही जा! आता माणसं वर गेलीत. डोंगरावर माणसं असली, की मशीन चालवायचं नाही. लामोताई दोरी बांधेल, तर मी दांडा ओढीन."

गुंडी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. लामोताई वाटेवर उभी होती. खांद्यावर गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी.

"हे काय? साप?"

"साप कसला, वेडाबाई! दोरी आहे. दोरी बांधली, की वाट बंद. मग वर कुणी जायचं नाही."

"लामोताई, लामोताई, दोरी बांध ना!
नोरबूकाका दांडा ओढेनात.
मशीन फावडं उचलेना.
बर्फ दार सोडेना.
दाणी आत अन् मी बाहेर!"

"नोरबू होय?" लामोताई हसली. "कालपासून पुस्तकात नाक खुपसून बसलाय! पण मी नाही जा! पेमी अजून वरच आहे. पेमी खाली येईल, तर मी दोरी बांधीन."

गुंडी वर निघाली. तुरुतुरु... तुरुतुरु... हुश्श! पेमी बर्फात बसली होती. एवढीशी मुलगी. पायाला दोन लांब फळ्या, शेजारी काठी.

"हे काय? पायाला फळ्या कशाला?"

"घसरायला!" पेमी म्हणाली. "सर्रर!"

"पेमी, पेमी, सर्रर खाली ये ना!
लामोताई दोरी बांधेना.
नोरबूकाका दांडा ओढेनात.
मशीन फावडं उचलेना.
बर्फ दार सोडेना.
दाणी आत अन् मी बाहेर!"

पेमी म्हणाली, "मी नाही जा! माझा हात बघ, कसा गारठलाय. काठी धरवतच नाही. हातमोजा भालूनं पळवला. भालू हातमोजा देईल, तर मी खाली येईन."

भालू म्हणजे चहाच्या टपरीवरचा कुत्रा. काळा काळा, केसाळ केसाळ.

गुंडी खाली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टपरीच्या मागे भालू बसला होता. हातमोज्यावर नाक ठेवून.

या वेळी गुंडीनं नाही, भालूनंच विचारलं, "हे काय? अक्रोड चालत आला?"

"अक्रोड नाही, मी गुंडी!
भालू, भालू, हातमोजा दे ना!
पेमी खाली येईना.
लामोताई दोरी बांधेना.
नोरबूकाका दांडा ओढेनात.
मशीन फावडं उचलेना.
बर्फ दार सोडेना.
दाणी आत अन् मी बाहेर!"

भालू म्हणाला, "मी नाही जा! माझं गोणपाट भिजलं. थंडी वाजते. हातमोजा कसा मऊ मऊ! आबीआजी कोरडं गोणपाट देईल, तर मी हातमोजा देईन."

गुंडी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टपरीत शिरली. आत आबीआजी चहा करत होती. किटली खळखळ, खळखळ.

"आबीआजी, आबीआजी, गोणपाट दे ना!
भालू हातमोजा देईना.
पेमी खाली येईना.
लामोताई दोरी बांधेना.
नोरबूकाका दांडा ओढेनात.
मशीन फावडं उचलेना.
बर्फ दार सोडेना.
दाणी आत अन् मी बाहेर!"

आबीआजी म्हणाली, "मी नाही जा! गोणपाटांचा गठ्ठा तो बघ. पण सुतळीची गाठ घट्ट बसलीय. कात्री राहिली गावात, अन् माझे दात राहिले डब्यात! गाठ सुटेल, तर मी गोणपाट देईन."

गुंडीनं डावीकडे बघितलं. गुंडीनं उजवीकडे बघितलं. आता कुणाकडे जायचं? कुणीच नाही! नुसती किटली. खळखळ, खळखळ.

"आजी, गाठ म्हणजे काय गं? दाखव ना."

"ही बघ."

गुंडी गठ्ठ्यावर चढली. गाठ हुंगली. सुं सुं. गवतासारखा वास! एक धागा चावून बघितला. कुरुम. तुटला की! आणखी एक. कुरुम कुरुम. आणखी एक. कुरुम कुरुम कुरुम.

ताड! सुतळी तुटली. गठ्ठा पसरला धप्पकन!

"अगं बाई! एवढीशी तू, अन् दात केवढे खमके!" आबीआजी म्हणाली.

आणि मग?

आबीआजीनं गोणपाट दिलं. झटक झटक!
भालू गोणपाटावर लोळला. भालूनं हातमोजा दिला. स्वतःच धावत वर नेऊन दिला!
पेमीनं हातमोजा घातला. थोडा ओला होता. "ईऽऽ, लाळ!" पेमी ओरडली. पण काठी धरली, आणि आली खाली. सर्रर!
लामोताईनं दोरी बांधली. शिट्टी वाजवली. फुर्रर!
नोरबूकाकांनी पुस्तक मिटलं. आत बसले. बटण दाबलं. काच पुसली गेली. "अरेच्चा, हे नव्हे!" दुसरं बटण दाबलं. घर्रर! मशीन निघालं.

गुंडी पुढे पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. रेघांमध्ये उभी राहिली.

"इथे, काका, इथे!"

मशीन थांबलं. नोरबूकाकांनी दांडा ढकलला. हळू... हळू... फावडं टेकलं. फावड्यानं बर्फाची वरची साय काढली. पापडाएवढीच. मग दांडा ओढला. फावडं वर! बर्फ सरकला.

इवलंसं भोक दिसलं. भोकातून नाक दिसलं. नाकामागून मिशा दिसल्या. दाणी!

"चीं! आई!"

"दाणी गं, माझी दाणी!" गुंडीनं दाणीला कुशीत घेतलं. नाकाला नाक लावलं.

नोरबूकाका खाली उतरले. गुडघ्यावर बसले. दार बघितलं. मग मशीन बघितलं. मग हात पसरून मापलं.

"हात्तिच्या! जुनं मशीन एवढं होतं. हे एवढं रुंद आहे! अन् मी चालवलं जुन्याच मापानं. चुकलंच की माझं!"

त्यांनी एक लाल काठी आणली. गुंडीच्या दाराशी रोवली. खच्!

"आता ही काठी दिसली, की मशीन वळणार."

"आई, वळणार म्हणजे काय?" दाणीनं विचारलं.

"ये, बघू या," गुंडी म्हणाली.

दोघी दारात बसल्या. मशीन वर गेलं. घर्रर! खाली येऊ लागलं. घर्रर! मागे रेघा. सरळ, सरळ, सरळ, सरळ... काठी आली! आणि रेघा वळल्या. गुंडीच्या दाराला गोल वळसा घालून पुन्हा सरळ, सरळ, सरळ.

रेघा गेल्या खालपर्यंत, गोष्ट आली इथपर्यंत.