खिंडीतला नाका

निम्मं डोंगरावर आणि निम्मं डोंगराखाली, असं एक राज्य होतं. राजा खाली राहायचा. त्यामुळे तळी खाली, रस्ते खाली, आणि वरच्यांच्या वाट्याला नुसती आश्वासनं! एक दिवस वरच्यांचा पुढारी शिदोजी भडकला. "पुरे झालं! आमचं राज्य आम्हाला वेगळं द्या." राजाही हट्टाला पेटला. "जा, घ्या!" म्हणाला. झालं, एका राज्याची दोन झाली.

शिदोजीने खिंडीत नाका बसवला. खालचं माणूस वर सोडायचं नाही, असा हुकूमच काढला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. पण वरच्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या खालच्या गावांत दिलेल्या, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

थोड्याच दिवसांत शिदोजीची लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. आई नसलेली पोर, शिदोजीने तळहाताच्या फोडासारखी जपलेली. तिला नाक्यावर अडवल्याचं कळताच तो धावत सुटला.

"अरे, माझी लेक आहे ती! सोड तिला," तो पहारेकऱ्यावर ओरडला.

पहारेकरी हैबती अडसर उचलू लागला. त्याचे डोळे भरून आले होते. "सोडतो, धनी. काल माझी बहीण आली होती. तिला मात्र मी परत पाठवलं."

शिदोजी लेकीकडे वळला. येसू एका दगडावर टेकली होती. तिच्यामागे आणखी कितीतरी बायका पोरं कडेवर घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

"आबा," येसू हळूच म्हणाली, "मी एकटी येणार नाही. ह्यांनाही माहेर आहे."

शिदोजी एवढा ताठ माणूस, पण लेकीपुढे ढसाढसा रडला. मग त्याने स्वतःच्या हातांनी अडसर उपसला आणि दरीत फेकून दिला. "हैबती, जा रे, आधी बहिणीला घेऊन ये," तो म्हणाला.

येसूला मुलगी झाली. नातीचं बारसं उरकून शिदोजी राजासमोर जाऊन उभा राहिला.

"महाराज, माझा राग गेलेला नाही. तळी आम्हालाही हवीत. पण आता भांडेन ते इथेच, तुमच्यासमोर बसून."

राजाची मान खाली गेली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मीच कधी वर आलो नाही."

त्या वर्षी दरबार पहिल्यांदा डोंगरावर भरला. पहिल्याच दिवशी दोघं कडाकडा भांडले, आणि मग एकाच पंगतीला जेवायला बसले.

तात्पर्य: अन्याय झाला तर जरूर भांडावं आणि राज्यकर्त्यानेही ते ऐकावं, पण देशाच्या मधोमध रेघ ओढण्याआधी ती कोणाकोणाच्या माहेरची वाट तोडते, ते पाहावं.