मोठ्या फोल्डरपासून सुरुवात

अगं, आधी ऐक, आत्ता लॅबमध्ये काय झालं ते! सगळ्यांच्या सामायिक युनिक्स सर्व्हरवरची जागा संपली आणि विभागप्रमुख बेडेकर सरांनी फर्मानच काढलं, "खासगी फायली आत्ताच्या आत्ता पुसा. कॉपी करायला कुणालाही वेळ मिळणार नाही!"

आमच्या लॅबमधल्या मृण्मयीचे बाबा मध्यंतरी वारले, त्यांच्या ईमेल तेवढ्या तिच्या फोल्डरमध्ये उरलेल्या. बिचारीला रडूच फुटलं.

तेवढ्यात लॅब सांभाळणाऱ्या खरातताई अगदी अदबीनं म्हणाल्या, "बरं सर, सगळ्यात मोठ्या फोल्डरपासून सुरू करते. पहिला नंबर तुमचाच आहे, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ. पुसू?"

सर खाकरले. "असं करा... संध्याकाळपर्यंत कॉपी करून घ्या. सगळेच!"

मृण्मयीनं ताईंना घट्ट मिठीच मारली, सोडेचना! ताईंच्या जागी तू असतीस, तर आधी विचारलं असतंस की थेट पुसूनच टाकलं असतंस गं?