गायरानावरचे पापड

रुईगडच्या उदयभान राजाने गायरान उन्हासाठी राखून ठेवायचा हुकूम काढला, आणि बिरू धनगराच्या मेंढरांना उभं राहायला जागा उरली नाही.

त्याचं असं झालं. दूरदेशीच्या एका व्यापाऱ्याने दरबारात काळ्या काचा आणल्या. दिवसभर ऊन प्यायचं आणि रात्री तारेतून दिवे लावायचे, हे त्या काचांचं काम. हे कसं होतं तेही त्याने समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे कोणालाच कळलं नाही. राजाला मात्र काचा आवडल्या. आणि राजाला आवडलेली गोष्ट नेहमी मोठी लागे. त्याचा पलंग एवढा मोठा होता की राणीसाहेबांना हाक मारायला भालदार ठेवावा लागला होता.

“सगळं गायरान काचांनी झाका,” राजा म्हणाला. “एकच सूर्यमळा. तिथून घरोघर उजेड.”

बिरू पागोटं सावरत दरबारात उभा राहिला आणि मुजऱ्यावर मुजरे करत सुटला. कळप म्हणजेच त्याचं घरदार. शेवटी त्याची लेक ठकू पुढे झाली.

“महाराज, उजेड आमालाबी पायजे. पण मेंढरांनी काय काचा चाटायच्या?”

“काचांना जागा लागते, पोरी,” प्रधान म्हणाला. “त्या काय हवेत तरंगतील?”

राजाला गंमत वाटली. “मग तूच दुसरी जागा दाखव. तिथे पीक नको, गवत नको, येण्याजाण्याची वाट नको. ऊन मात्र दिवसभर हवं. अमावस्येपर्यंत दाखवलीस तर गायरान तुमचं. नाहीतर मेंढरं बाजारात.”

दरबार हसला. रुईगडात अशी जागा असती, तर तिच्यावर आधीच कोणीतरी भांडत बसलं असतं.

“दाखवते,” ठकू म्हणाली. “पण त्याआधी माजं एक ऐका. आता घरोघरी वाळवणं पडतील. यंदा समद्या गावाचं वाळवण एकाच जागी, गायरानावर घाला. येवढं मोठं काम महाराजांनाच जमंल.”

मोठं म्हटल्यावर राजा विरघळला.

दुसऱ्या दिवशी गाड्या लागल्या. पापड, कुरडया, सांडगे, सगळं गायरानावर पसरलं. आता मेंढरं कुठे न्यायची, असं ठकूने प्रधानाला विचारलं. तो घाईत होता. “कुठेही ने,” म्हणाला. तिने ती राजवाड्याच्या बागेत नेली. संध्याकाळपर्यंत बागेत माळी तेवढा उरला.

एरवी घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावर, कावळे हाकायला एक म्हातारी पुरते. इथे फौज उभी करावी लागली. सेनापती स्वतः काठीला काळं फडकं बांधून उन्हात फिरत होता, आणि त्याच्याकडे बघून हसायचं नाही असा हुकूम होता.

दुपारी वावटळ आली. धाब्यावर आली असती तर एखाद्या घरचे पापड गेले असते आणि शेजारणीने आपल्यातले दिले असते. इथे निम्म्या गावाचे एकदम गेले. उरलेले गाड्यांत भरून घरोघर पाठवले. रस्ता रुईगडचाच, त्यामुळे निघाले ते पापड होते आणि पोचला तो चुरा. कोणाचा कोणाकडे गेला ते देवालाच ठाऊक. राणीसाहेबांनी स्वतः लाटलेल्या मिरीच्या पापडांचा चुरा कोतवालाने तळून खाल्ला आणि बायकोच्या हाताचं कौतुक केलं. तीही गप्प राहिली. राणीसाहेबांच्या ताटात मात्र लसणाचा चुरा पडला. त्या लसूण खात नसत. त्यांनी राजाशी अबोला धरला. पलंग मोठा असल्यामुळे राजाला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याने ठकूला बोलावून घेतलं. “हे काय झालं?”

“मोठं काम झालं, महाराज.”

“जागा दाखव,” राजा दात आवळून म्हणाला.

ठकूने भर दुपारी राजाला आणि प्रधानाला बुरुजावर नेलं. खाली सारं गाव पसरलं होतं. घरं सपाट धाब्यांची, यंदा वाळवण नाही म्हणून मोकळी, नुसती तापत पडलेली.

“तिथं पीक हाय का, महाराज? गवत? वाट म्हणाल तर मांजराची तेवढी. बाया दरसाल तिथंच ऊन धरत्यात. ज्याचं धाबं, त्याची काच. म्हातारी राखणीला हायेच, आन वाटंत चुरा होत न्हाई.”

राजा बोटाने धाबी मोजू लागला.

“पण महाराज,” प्रधान म्हणाला, “किल्ल्यावर पाणी चढवायचं मोठं चाक आहे. ते या तुकड्यांनी फिरायचं नाही.”

“खरं हाय,” ठकू म्हणाली. “त्याला मोठाच मळा लागंल. किल्ल्यामागच्या खडकावर घाला की.”

“तो खडक कोणाच्या उपयोगाचा नाही हे कशावरून?” प्रधानाने विचारलं.

“माजी मेंढरं तिथं थांबत न्हाईत.” ठकू शांतपणे म्हणाली. “बागेत थांबली.”

राजाला तेव्हा कुठे बाग आठवली. त्याने बुरुजावरून वाकून पाहिलं. खाली चाफ्याचे बुंधे, गुलाबाच्या काड्या आणि मधोमध माळी.

“आणि माझ्या बागेचं काय?”

“ती आता मोकळी झालीया, महाराज. सावली कुठंच न्हाई. तिथंबी काचा बसतील.”

राजा आधी लाल झाला. मग त्याची मिशी हलली, आणि तो असा हसला की बुरुजावरची कबुतरं उडाली. गायरान मेंढरांच्या नावे करून देणारा ताम्रपट त्याने त्याच दिवशी कोरायला टाकला, ठकूला चांदीचे तोडे दिले, आणि गावातली पहिली काच बिरूच्या धाब्यावर चढवायचा हुकूम सोडला.

“दुसरी राणीसाहेबांच्या महालावर चढवा,” ठकू म्हणाली. “आन संगं मिरीचे पापड न्या.”