भागोजीची रवी

डोंगराखालच्या एका गावात भागोजी नावाचा एक गवळी राहत होता. त्याचे लोणी पंचक्रोशीत नावाजलेले. हौदाएवढ्या टाकीत त्याने स्वतः घडवलेली मोठी रवी यंत्रावर गरगर फिरायची, आणि तिच्या वेगाचा त्याला भारी अभिमान होता.

त्याच गावचे रंगारी तांबडमुळीच्या मुळांपासून लाल रंग काढत. खणून खणून डोंगरावर मोजकीच झुडपे उरली. तेव्हा गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कुमुदताईंनी मुळाच्या इवल्याशा पेशी काचेच्या बाटलीत, साखरपाण्यात वाढवल्या. माती नाही, पान नाही, तरी रंग तोच. पण बाटलीभर रंगात एक रुमाल भिजेना. रंगारी म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो. नाहीतर उरलेली झुडपं खणावी लागतील."

मोठी टाकी हवी म्हणून ताई भागोजीकडे आल्या. त्याने टाकी उकळत्या पाण्याने धुतली, तीत साखरपाणी भरून पेशी ओतल्या आणि रवी सुरू केली. आठवड्याभरात पाणी गढूळले. रंगाचा पत्ता नाही.

"तुमचं बीच कच्चं, ताई," भागोजी म्हणाला.

ताईंनी दुसरी बाटली दिली. भागोजीने रवी आणखी जोरात फिरवली. पुन्हा तेच.

त्याची बायको गिरजा म्हणाली, "अहो, लोणी काढताय की रोप वाढवताय?"

भागोजीने रागाने रवी बंदच केली. मग तिसऱ्या बाटलीतल्या पेशी तळाशी बसल्या, गुदमरल्या आणि कुजल्या.

आता शेवटची बाटली उरली. ताईंनी त्याला सूक्ष्मदर्शकातून रवीने घुसळलेल्या पाण्याचा जपून ठेवलेला एक थेंब दाखवला. त्यात पेशींच्या नुसत्या फाटक्या साली तरंगत होत्या.

"यांना हवा लागते, भागोजी. पण धक्का सोसत नाही."

भागोजीने टाकीतल्या रवीवरून हात फिरवला. त्या रवीनेच त्याचे नाव झाले होते. मग त्याला गावच्या विहिरीतला झरा आठवला. त्याच्या बुडबुड्यांवर गवताच्या काड्या कशा अलगद वर येतात! त्याने रवी काढून भिंतीला टांगली, टाकीच्या तळाशी बारीक भोकांची नळी बसवली आणि शेवटची बाटली ओतून पंपाने हळूहळू हवा सोडली. पेशी बुडबुड्यांसोबत वर येत, सावकाश खाली जात.

दिवाळीच्या आधी टाकी लालेलाल झाली. रंगाऱ्यांनी कुदळी घरी ठेवल्या.

"बी पक्कं होतं, ताई," भागोजी म्हणाला. "कच्चा मीच होतो."

"ते कळलं," गिरजा म्हणाली. "आता ती रवी छोट्या टाकीला लावा. लोण्याला गिऱ्हाईक खोळंबलंय."

तात्पर्य: ज्या कसबाने आपले नाव झाले, ते प्रत्येक कामाला लागू पडतेच असे नाही; जीव वाढवायचा तर आपला हेका सोडून त्याच्या कलाने घ्यावे.