राजकन्येच्या गालावरचे फोड

फार पूर्वी कंकणपुरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अरण्यातल्या एका कोळ्याच्या रूपाने जन्माला आले. तळहाताएवढे शरीर, अंगभर तपकिरी लव, आठ पाय. सागाच्या मुळाशी बीळ करून ते राहत, भुकेपुरते मारीत आणि उरलेला दिवस स्वस्थ बसून काढीत. एकदा वनचरांनी त्यांना वेळूच्या नळीत घालून राजाला नजराणा म्हणून दिले.

राजा हौशी होता. त्याने हस्तिदंताची पेटी करवली, तिला सोन्याची जाळी बसवली आणि तान्ह्या राजकन्येच्या खोलीत ती खुंटीला टांगली. राजाने कोळी पाळला म्हटल्यावर सेनापतीने दोन पाळले, पुरोहिताने तीन. कोणी त्यांना लोणी घाली, कोणी दूधभात. अरे, तो कोळी आहे, मांजर नव्हे! पण विचारतो कोण? ते बिचारे पेट्यांमध्ये उपाशी मरत आणि धनी म्हणत, प्राणीच नाजूक. बोधिसत्त्व जगले ते कुंदा नावाच्या दासीमुळे. राजकन्येची खोली झाडणे हे तिचे काम. रोज सकाळी ती बागेतून पदराआड एखादा रातकिडा आणी आणि म्हणे, "घ्या आजोबा. सोन्याच्या जाळीनं पोट भरत नाही म्हटलं."

त्या राजवाड्यात दर अमावस्येला जळमटे काढण्याची रीत होती. कुंदा सगळी काढी, पण पाळण्याजवळच्या कोपऱ्यातले एक जाळे तेवढे ठेवी. तिथे लांब, बारीक पायांची एक घरकोळीण राहत असे आणि पाळण्याकडे येणारे डास त्या जाळ्यात अडकत.

एके सकाळी राजकन्येच्या गालावर लाल पट्टा दिसला. दुपारपर्यंत त्यावर पाण्याचे फोड आले आणि लेकरू जिवाच्या आकांताने रडू लागले. राजवैद्य शंखदत्त आला. त्याने गाल पाहिला, मग छताकडे पाहिले आणि त्या नगरात जो तो म्हणत असे तेच तोही म्हणाला, "कोळी मुतला आहे, महाराज."

झाले! कोणी पाहिले का, कधी पाहिले, एकानेही विचारले नाही. राजाने आज्ञा केली, घराघरातले कोळी ठेचून मारा, आणि जिने हे जाळे राखले त्या दासीचा उजवा हात चौथ्या दिवशी सूर्योदयाला तोडा. पेट्यांमधले कोळी मात्र वगळले. ते बड्या लोकांचे होते ना! कोपऱ्यातली घरकोळीण विषारी आणि सोन्याच्या जाळीतला तिचा भाऊबंद शोभेचा. बळी तो कान पिळी, दुसरे काय? पहिला केरसुणीचा फटका त्या कोपऱ्यातच बसला आणि त्याच संध्याकाळपासून पाळण्याभोवती डास घोंघावू लागले.

दुसऱ्या दिवशी कुंदाला त्याच खोलीत राजापुढे उभे केले. ती म्हणाली, "महाराज, जाळं मी ठेवलं हे खरं. डासांनी बाळाला फोडून काढलं असतं. पण हे कोळ्याचं काम नाही."

"तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"नाही, महाराज."

"मग गप्प बस."

पाहिले होते ते बोधिसत्त्वांनी. पट्टा दिसला त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला एक तांबडा-काळा किडा, मुंगीसारखा लांबट, समईच्या उजेडाला आला आणि बाळाच्या गालावर पडला. राजा लेकीचा पापा घ्यायला वाकला होता. त्याने धनुष्य ओढून राठ झालेल्या अंगठ्याने तो किडा तिथेच चिरडला आणि पुसून टाकला. त्या किड्याच्या अंगातल्या पाण्याने कातडी भाजते, हे अरण्यातल्या पिल्लालाही ठाऊक असते.

गप्प राहिले तर पेटी होती, मान होता, जिवाला धोका नव्हता. बोलले तर खुद्द राजाच्या अंगठ्याकडे बोट दाखवावे लागणार होते. बोधिसत्त्वांच्या मनात आले, या बाईने मला जगवले. आणि तिने एक रातकिडा आणला नसता तरी तो हात निरपराधच होता. मग ते मनुष्यवाणीने बोलले, "महाराज, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. बाळाच्या गालावर किडा चिरडला तो तुम्ही."

सगळे पेटीकडे वळले. मग शंखदत्त खेकसला, "आता काय, किड्यामुंग्यांच्या साक्षीवर न्याय करायचा?"

"नका करू. परीक्षा करा," बोधिसत्त्व म्हणाले. "तसलाच किडा आज संध्याकाळी पुन्हा दिव्यावर येईल. एका हातावर तो चिरडा, दुसऱ्या हातावर मला रात्रभर फिरू द्या. वैद्यराज, तुमचेच हात घेऊ या."

वैद्यराजांनी चटकन दोन्ही हात शालीत ओढून घेतले.

कुंदा पुढे झाली. "माझे घ्या. तसाही एक जाणारच आहे."

"मुळीच नाही!" बोधिसत्त्व गरजले. "अजून किती सोसायचं हिनं? महाराज, शिक्षा तुमच्या तोंडून निघाली. परीक्षाही तुमच्याच हातांवर झाली पाहिजे. आणि मी खोटा ठरलो तर मला त्याच केरसुणीनं मारा."

दरबारी माणसांसमोर नाही म्हणायची राजाला लाज वाटली. संध्याकाळी त्याने उजव्या मनगटावर किडा चिरडला आणि डाव्या हातावर कोळ्याला घेतले. सकाळी दोन्ही हात स्वच्छ. शंखदत्त हसला. राजा म्हणाला, "उद्या सूर्योदयाला शिक्षा होईल." बोधिसत्त्व एवढेच म्हणाले, "तो सूर्योदय अजून झालेला नाही. लेकराची कातडी कोवळी, तुमची राठ."

दिवस कलला तेव्हा राजाचे उजवे मनगट आग आग करू लागले. लाल पट्टा उठला. पहाटे त्यावर पाण्याचे फोड होते, अगदी लेकीच्या गालावर होते तसेच. डाव्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता.

राजा कोळ्याला डाव्या हातावर घेऊन तसाच उठून वधस्थानी गेला. कुंदाचा हात ओंडक्यावर बांधलेला होता. दोर सोडायला लावून तो म्हणाला, "जा कुंदा, तुला क्षमा केली."

तेव्हा मात्र बोधिसत्त्व संतापले. "क्षमा? कोणी कोणाला केली, महाराज? हिनं काय केलं होतं? तुमचं बाळ डासांपासून राखलं, हा गुन्हा? चूक तुमची, हात हिचा, आणि वर उपकारही तुमचेच!"

राजाची मान खाली गेली. मग त्याने फोडांनी भरलेला हात दुसऱ्या हाताला जोडला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "कुंदा, माझं चुकलं."

तीन दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. आता ती उजवा हात पोटाशी धरून मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. नंतर पेट्यांमधल्या साऱ्या कोळ्यांना अरण्यात सोडण्याची आज्ञा झाली आणि बोधिसत्त्वांना त्यांच्या सागापाशी कुंदाच घेऊन गेली.

शास्त्यांनी ही कथा जेतवनातल्या विहारात आपल्या भिक्खूंना सांगितली ती एका सकाळी घडलेल्या प्रकारावरून. वारुण नावाच्या भिक्खूच्या मानेवर फोड आले होते, आणि विहार झाडणाऱ्या रत्ती नावाच्या बाईने जळमटे ठेवली म्हणून त्याने तिला चारचौघांत नाही नाही ते बोल लावले होते. बाकीचे भिक्खू नुसत्या माना डोलावत राहिले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा सुबाहू म्हणजे आजचा हा वारुण. कुंदा म्हणजे ही रत्ती. शंखदत्त वैद्य म्हणजे सकाळी माना डोलावणारे तुम्ही सगळे. आणि तो कोळी मी होतो. त्या जन्मी मी जी पाळली ती सत्यपारमिता, म्हणजे काही झाले तरी सत्य न सोडणे."

वारुण उठला आणि अंगण झाडत असलेल्या रत्तीपाशी जाऊन हात जोडून उभा राहिला.