वेलदरीची पहिली छाटणी

वेलदरीत डोंगराचा उतार संपतो तिथे, देवीच्या ओट्यालगत, द्राक्षाची एक जुनी वेल आहे. खोड माणसाच्या मांडीएवढं जाड. गावातल्या बागांची ऑक्टोबर छाटणी या वेलीपासून सुरू होते, आणि पहिली काडी कापायची ती गावात सगळ्यांत शेवटी आलेल्या सुनेनं. यंदा ती मी. वाईनरी बघायला आलेल्या पाहुण्यांना आमचे चुलतसासरे, कोंडाजीनाना, आधी इथे आणतात. "चव नंतर घ्या," म्हणतात, "आधी ऐका." पाहुण्यांची नजर पिंपांकडे असते, पण नानांपुढे इलाज नसतो.

फार पूर्वी इथे द्राक्ष नव्हतं म्हणे. येसू नावाची मुलगी नदीपल्याडहून, सात दिवसांच्या वाटेवरून, या गावात सून होऊन आली. निघताना आईनं अंगणातल्या द्राक्षवेलीची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली आणि सांगितलं, "हिला फळ धरलं की पहिला घड मला घेऊन ये." आईचा तो आशीर्वाद होता. सासूनं त्याची अट केली. येसूनं माहेरचं नाव काढलं की ती म्हणे, "जा की गं. पण घड आणायला सांगितलाय ना आईनं? रिकाम्या हातानं कशी जाशील?" बोलणं इतकं गोड, की उलटून काही बोलताही येईना.

देवीच्या ओट्यालगत काडी रुजली. येसूनं तिला मांडव घातला, शेणखत दिलं, आपल्या वाटणीचं पाणी घातलं. वेल मांडव भरून ओट्यावर चढली. पण नुसती पानंच पानं. "शेळ्यांना पाला झकास होतो हो तुझ्या माहेरचा," शेजारणी म्हणत. आपल्या हवेत द्राक्षवेल कापल्याशिवाय फळत नाही, हे आज इथे कुणीही सांगेल. येसूच्या माहेरी मात्र छाटणी पुरुष करीत. लेकींच्या वाट्याला फक्त घड येत. आईच्या हातच्या त्या काडीला लोखंड लावायचं तिच्या मनातही आलं नाही. जितकी जपली तितकी वेल वांझ राहिली. अशी सहा वर्षं गेली असं सांगतात. नाना इथवर आले की पाहुण्यांतल्या बायका हातातला मोबाईल खाली करतात.

सातव्या वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, एका वाटसरूनं निरोप आणला. आईनं अंथरूण धरलं होतं, आणि ती विचारत होती, घड लागला का? येसूनं निरोप्याला भाकरी वाढली आणि विळा उचलून ती ओट्यापाशी गेली. "नुसती पसरतेस! तुझ्यापायी मी इथे अडकले!" म्हणत तिनं सगळी वेल कापून टाकली. खोडावर दोन-दोन डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागांच्या, खुंट्या तेवढ्या उरल्या.

राग उतरल्यावर तिला दिसलं, प्रत्येक कापातून पाण्याचे थेंब गळत होते. येसू तिथेच बसली. तीन दिवस थेंब थांबले नाहीत आणि तीही उठली नाही. पहिल्या दिवशी सासू बोलायला म्हणून आली आणि तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसली म्हणे.

आठवड्यानं डोळे फुटले, आणि फुटीफुटीला घड निघाला. चार महिन्यांनी द्राक्षं गोड झाली. सासूनं स्वतः गाडगं भरलं, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि लेकाला गाडी जुंपायला लावली.

वाट खडबडीत होती. द्राक्षं चेंगरली, रस सुटला. चौथ्या दिवशी गाडग्यातून फसफस ऐकू येऊ लागली, फडकं फुगलं. येसूचा नवरा हैबती घाबरला. "अगं, खाली विस्तव नाही आन् हे उकळतंय! टाकून दे." येसूनं गाडगं मांडीवर घेतलं, ते माहेर येईपर्यंत उतरवलं नाही.

आई अजून होती. लेकीनं वाटीनं तिच्या तोंडाला रस लावला. फसफस तोवर निवली होती. आईनं जिभेवर घोळवला, डोळे मिटले.

"गोडी गेली गं याची."

"वाट लांब होती, आई."

"सात वर्षांची वाट. गोडी राहील कशी?" आई म्हणाली. मग वाटीकडे हात करत, "पण टाकू नकोस. दे अजून."

येसू महिनाभर राहिली. त्याच महिन्यात आई गेली, लेक उशाशी असताना.

परतल्यावर येसू दरवर्षी एक गाडगं जाणूनबुजून आंबवू लागली. रसातली गोडी जाते आणि तिच्या जागी दुसरंच काही येतं, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. पिंपं, यंत्रं, चव घेण्याचे पेले हे सगळं अलीकडचं, असं नाना सांगतात.

आजही वेलदरीत छाटणीनंतर वेल रडते, ते तीन दिवस नव्या सुनेला कुणी कामाला हाक मारत नाही. ती ओट्यावर बसली तर बसू देतात. गप्प का, असं विचारत नाहीत. घरातली सगळ्यांत थोरली बाई भाकरी ठेवते आणि जाते. कधी कधी जात नाही.