वैद्यबाईंनी सोडलेल्या गाठी

नदीच्या वळणावर वसलेल्या एका नगरात राजाने मनाच्या रोग्यांसाठी एक उपचारगृह बांधलं होतं. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येत, ज्यांची झोप उडालेली असे, जे घरच्या माणसांनाही ओळखेनासे होत, त्यांना लोक तिथे आणून सोडत. अनसूयाबाई नावाच्या वैद्य त्या घराच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हाताला गुण होता. त्यांचा काढा पोटात गेला की ओरडणारा शांत होई आणि जागणारा झोपी जाई.

पण त्या घरात एक दुखणं असं होतं, ज्यावर त्यांच्यापाशी काढा नव्हता. रोगी पडत. कोणी खाटेवरून उठताना पडे, कोणी न्हाणीत घसरे. कोणाचं मनगट मोडे, कोणाच्या कपाळाला खोक पडे. "मन ठिकाणावर नसलं की पाय तरी कुठून ठिकाणावर राहणार," असं सेवक म्हणत. अनसूयाबाईंनाही ते खरं वाटे.

तिथे तुळाजी नावाचा एक म्हातारा भोई होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने पालख्या वाहिल्या होत्या. आता बसल्या जागी त्याला वाटे, की दारात पालखी खोळंबली आहे आणि आपल्यावाचून ती उचलली जात नाही. मग तो घाईघाईने उठे. एका सकाळी तो असाच ताडकन उठला आणि उंबऱ्याशी कोसळला. डोकं फुटलं, खांदा निखळला.

त्याची मुलगी ठकू भेटीला आली. बापाच्या डोक्यावरची पट्टी तिने पाहिली. ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांचं डोकं बरं व्हावं म्हणून आणलं होतं, वैद्यबाई. फुटावं म्हणून नाही."

ही गोष्ट दिवाणांच्या कानावर गेली. दिवाण करड्या शिस्तीचे होते. ते स्वतः आले आणि त्यांनी हुकूम सोडला, "जो रोगी पडण्यासारखा असेल, त्याला खाटेला बांधा. बांधलेला माणूस पडत नाही. आणि यापुढे ज्याच्या पाळीत रोगी पडेल, त्या सेवकाला घरी बसवा."

हुकूम झाला आणि दोर आले. तुळाजीलाही बांधलं. त्यानंतर कोणी पडल्याची वार्ताच येईना. दिवाण खूश झाले. भर दरबारात त्यांनी अनसूयाबाईंना शालजोडी दिली.

शाल खांद्यावर घेऊन बाई परतल्या, तेव्हा सेवक तुळाजीला आंघोळीसाठी सोडत होते. तो उभा राहिला आणि त्याचे गुडघे थरथरू लागले. डोंगर चढलेले ते पाय काटक्यांसारखे झाले होते. दोराने मनगट सोलवटलं होतं. त्याने बाईंकडे पाहिलं आणि अगदी शहाण्या माणसासारखं विचारलं, "बाई, माझा गुन्हा काय, तेवढा तरी सांगा."

अनसूयाबाईंनी शाल उतरवून बाजूला ठेवली. खाली बसून त्यांनी त्याच्या खाटेला लोंबणारे दोर स्वतःच्या हाताने सोडले. मग पुढची खाट, मग तिच्या पुढची. शेवटची गाठ सोडून त्या तडक दिवाणांकडे गेल्या.

"दिवाणजी, मी रोग्यांना मोकळं केलं आहे. आणि सेवकांची शिक्षाही तुम्ही मागे घ्यावी."

"आणि उद्या कोणी पडला तर?"

"तर ती बातमी तुम्हाला माझ्याच तोंडून कळेल. दोष माझा धरा. पण मला शोधू द्या, माणसं पडतात कशाने."

दिवाणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी बाईंच्या आजवरच्या सेवेकडे पाहून त्यांनी मुदत दिली आणि तोवर शिक्षाही थांबवली. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "नंतर एक तर दोर परत बांधले जातील, नाही तर तुमची जागा दुसरा कोणी घेईल."

बाईंनी सगळ्या सेवकांना एकत्र बसवलं. "कोण कुठे पडलं, कशाने पडलं, ते खरं सांगा. शिक्षा कोणालाही होणार नाही."

हैबती नावाचा जुना सेवक खाली मान घालून म्हणाला, "बाई, हुकूम झाल्यावरही, दोर सोडले की माणसं पडलीच. आम्ही उचलून खाटेवर ठेवली आणि गप्प बसलो. पोट आहे पाठीशी."

बाईंना धक्का बसला, पण त्या रागावल्या नाहीत. उलट त्या हैबतीला म्हणाल्या, "बरं झालं बोललास." ते ऐकून बाकीच्यांनाही धीर आला आणि एकेकजण बोलू लागला. पडलेली बहुतेक माणसं काढा घेतल्यावर उठताना पडली होती. काही लघवीची घाई झाली म्हणून निघाली होती, पण हात द्यायला जवळ कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी रोग्यांचा घोळदार, पायघोळ अंगरखा स्वतः चढवला. रोग्याला देत तेवढाच काढा घेतला आणि त्या खाटेवर पडून राहिल्या. डोळा लागला. जाग आली तशा त्या न्हाणीकडे जायला उठल्या. उठताक्षणी भिंती फिरल्या. पाय अंगरख्यात अडकला, हात आधार शोधू लागला, पण भिंतीवर धरण्यासारखं काही नव्हतं. त्या गुडघ्यांवर आपटल्या.

हैबती धावत आला. बाई जमिनीवर बसूनच म्हणाल्या, "हैबती, माझं मन तर ठिकाणावर आहे ना? मग मी का पडले?"

त्या दिवसापासून घराची रीत बदलू लागली. बाईंनी काढा सौम्य केला आणि ज्याला जेवढा सोसेल तेवढाच देऊ लागल्या. अंगरखे घोट्यापर्यंत आखूड झाले. सुतार बोलावून खाटांचे पाय कापले, म्हणजे बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील. न्हाणीच्या गुळगुळीत फरशीवर पाथरवटाने टाकी मारून ती खडबडीत केली. भिंतीला लाकडी कठडा बसला. रोग्याने हाक मारायची वाट न बघता सेवक फिरून विचारू लागले, "पाणी हवंय का? बाहेर जायचंय का?" आणि ज्यांचे पाय बांधून दुबळे झाले होते, त्यांना रोज सकाळी हात धरून अंगणात चालवू लागले.

तुळाजीची पालखी मात्र येतच होती. पूर्वी सेवक त्याला दटावत, "कुठली पालखी? झोप गपचूप." आता बाईंनी त्याच्याजवळ बसून म्हटलं, "तुळाजीबाबा, पालखी थांबेल. आधी बसा. पाय टेकू द्या. दम घ्या. मग माझा हात धरून उठा." तुळाजीने तळवे जमिनीला टेकवले. "बरोबर आहे," तो म्हणाला. "घाईने उठणारा भोई पालखीही पाडतो." आणि तो शिस्तीत उठला.

दिवाळी जवळ आली. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. माणसं चालत होती, ओसरीवर बसून बोलत होती. अशात गोदाक्का नावाची एक रोगी बाई अंगणात सांडलेल्या तेलावर घसरली आणि तिचा हात मोडला.

सेवकांचे चेहरे उतरले. हैबती हळूच म्हणाला, "बाई, मुदत संपायला आली. बाहेर कोणालाच कळलेलं नाही."

इतक्या कष्टाने उभं केलेलं एका पडण्याने जाणार होतं, आणि पुन्हा दोर येणार होते. पण गप्प बसणं हीसुद्धा एक गाठच होती, हे बाईंना कळत होतं. गोदाक्काचा हात बांधून झाल्यावर त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि त्या दिवाणांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आज एक बाई पडली, दिवाणजी. दिव्यांचं तेल वाटेवरच ओतत होते, ते सांडलं. आता ते काम मागच्या पडवीत हलवलं आहे."

"दोर असताना मला कोणी काही सांगायला येत नव्हतं," दिवाण म्हणाले. "चला. मला बघायचंय."

दिवाण आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. ज्यांना त्यांनी खाटेला बांधायला लावलं होतं, ती माणसं त्यांच्यासमोरून चालत गेली. कोणी कठड्याला धरून, कोणी सेवकाच्या हाताने, कोणी एकटं. हात गळ्यात बांधलेली गोदाक्काही त्यांत होती. दिवाणांनी फर्मान लिहवून घेतलं, की राज्यातल्या प्रत्येक उपचारगृहातले दोर काढावेत आणि अनसूयाबाईंची रीत चालवावी. सेवकांनी टाळ्यांचा गजर केला.

त्याच दिवाळीला ठकू बापाला घरी न्यायला आली. तुळाजीला पालखीची हाक आता क्वचितच ऐकू येई. तो ठकूला नावाने ओळखत होता. तिने बैलगाडी आणली होती. तुळाजीने गाडीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"गाडी मागून येऊ दे, पोरी. मी वेशीपर्यंत चालतो."

लेकीच्या खांद्यावर एक हात ठेवून तो निघाला. अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. तो रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत त्यांनी त्याच्या पायांवरची नजर काढली नाही, आणि ते पाय एकदाही अडखळले नाहीत.

तात्पर्य: पडू नये म्हणून माणसाला बांधून ठेवणं म्हणजे काळजी नव्हे, तो का पडतो हे निर्भयपणे शोधून त्याला चालतं ठेवणं हीच खरी काळजी.